देहूरोडला मांडलेला प्रश्न

२५ डिसेंबर १९५४ रोजी पुणे-मुंबई रस्त्यावरच्या देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्ती ब्रह्मदेशातून, रंगूनहून आलेली. जागतिक बौद्ध परिषदेचे तिसरे अधिवेशन त्याच महिन्यात रंगूनला भरले होते आणि बाबासाहेब तिथून नुकतेच परतले होते. तब्येत पार खालावलेली होती. तरी लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत ते आले आणि जमलेल्या हजारो स्त्री-पुरुषांशी बोलले.

त्या भाषणात तीन गोष्टी होत्या. पहिली अभिमानाची: बाराशे वर्षांनंतर या देशात बुद्धाची पुन्हा स्थापना करण्याचा मान अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना मिळतो आहे, आणि इतिहासाला याची नोंद घ्यावी लागेल. दुसरी आश्वासनाची: सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत बुद्धाची शिकवण सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, त्याला वर्षभर लागेल, तो पुरा झाला की आपण धम्म स्वीकारू. तिसऱ्या गोष्टीने मात्र श्रोते चमकले असतील. पंढरपूरचा विठोबा ही वास्तविक बुद्धाची मूर्ती आहे, असे ते म्हणाले. त्यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत आणि तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणार आहोत, असेही त्यांनी सांगितले.

हे विधान दिल्लीत किंवा मुंबईत झाले असते तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता. देहूरोडपासून तुकोबांचे देहू जेमतेम काही किलोमीटरवर आहे. आषाढीसाठी निघणारी तुकोबांची पालखी याच वाटेने निगडी-आकुर्डीकडे जाते. वारकऱ्यांच्या अंगणात उभे राहून वारकऱ्यांच्या देवाबद्दल बाबासाहेब प्रश्न विचारत होते, आणि उत्तरासाठी पुण्यातल्या इतिहासकारांचे व्यासपीठ सुचवत होते. जगातल्या धर्मांनी एकमेकांशी बोलावे, सर्वांना मान्य होईल असे नीतीचे किमान नियम शोधावेत, असे आज मोठमोठ्या परिषदांतून सांगितले जाते. तसा संवाद आपल्याकडे कसा झाला आणि तो कुठे अडला, हे मला पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

या जमिनीला एकाच धर्माची सवय कधीच नव्हती. देहूरोडहून तळेगावकडे निघाले की शेलारवाडीचा डोंगर लागतो. लोक त्याला घोरावडेश्वर म्हणतात, महाशिवरात्रीला तिथे गर्दी लोटते. पण शिवलिंग आहे ते बौद्ध लेण्यात. तिथल्या एका प्राकृत शिलालेखात धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबियाची बायको सियागुतनिका हिने आपला मुलगा नंद गृहपती याच्यासह हे लेणे दान दिल्याची नोंद आहे. तिचा नवरा राजा नव्हता की मोठा व्यापारी नव्हता, जमीन नांगरणारा होता. तिच्या दानातल्या डोंगरावर पुढे शंकराची पूजा सुरू झाली, आणि त्यानंतर कितीतरी शतकांनी तुकोबा एकांतासाठी इथे येत असे लोक सांगू लागले. कोणी कोणाला घालवून दिले, कोण रिकाम्या जागेत आले, याचा हिशेब आता लागत नाही. डोंगराने तिघांना जागा दिली, एवढे खरे.

देहूहून पालखी निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तिथे अभंग-आरती झाल्याशिवाय पालखी पुढे सरकत नाही. अनगडशहा फकिराची कथा तुकोबांच्या चरित्रांत येते. त्याचा कटोरा कोणाच्याच भिक्षेने भरेना. तुकोबांच्या लहान मुलीने चिमूटभर पीठ घातले आणि तो भरून वाहिला. कथेला कोणी पुरावा मागू नये. पण दर वर्षी लाखभर पावले त्या दर्ग्यासमोर थबकतात, हा पुरावा कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो.

इथून गोष्ट एकदम जगात जाते. तिचे वाहन आहे तुकोबांची गाथा. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाडे हे चाकणचे तेली होते. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखित वह्या गोळा करून मुंबई सरकारने १८६९ ते १८७३ या काळात गाथेची दोन खंडांची आवृत्ती छापली. शिक्षण खात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी पुढाकार घेतला, सरकारने चोवीस हजार रुपये मंजूर केले आणि शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी संपादन केले. वह्यांच्या या चार ठिकाणांपैकी तीन आजच्या कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहेत. इंग्रज अधिकाऱ्याला ब्राह्मण पंडितांच्या मदतीने एका कुणब्याचे शब्द छापावेसे वाटले, यात राज्यकर्त्यांचा हेतू काय असेल तो असो, परिणाम फार दूरवर गेला.

मुंबईत १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रार्थना समाज स्थापन केला होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात आले. या मंडळींनी एकेश्वरी उपासनेसाठी परक्या प्रार्थना घेतल्या नाहीत, तुकोबा घेतले. दर रविवारी शिकलेसवरलेले लोक अभंग म्हणू लागले आणि त्याच उपासनेत बायबल, उपनिषदे यांनाही जागा मिळाली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पुढे १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही शिष्य होते. मिशनऱ्यांना ते पटले नाही आणि टिळकांचे स्वकीयही दुरावले. पूल बांधणाऱ्याला दोन्ही काठांवर घर उरत नाही, हे त्यांनी सोसले.

११ सप्टेंबर १८९३ ला शिकागोत सर्वधर्म परिषद सुरू झाली. विवेकानंदांचे नाव सर्वांना माहीत आहे. मुंबईहून गेलेले बी. बी. नगरकर मात्र कोणाला आठवत नाहीत. त्यांनी तिथे भारतातल्या समाजसुधारणेच्या कामावर निबंध वाचला: जात, बालविवाह, स्त्रियांची स्थिती. इतर वक्ते आपापल्या धर्माची उंची सांगत असताना आपल्या घरातली घाण सांगणारा हा माणूस होता. मला या परिषदेतले ते भाषण सर्वांत धीट वाटते.

दहा वर्षांनी विठ्ठल रामजी शिंदे ॲमस्टरडॅमला पोहोचले. जमखंडीच्या वारकरी घरातला मुलगा, १८७३ चा जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवीधर. १९०१ मध्ये प्रार्थना समाजाच्या वतीने तो ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला आणि दोन वर्षे तुलनात्मक धर्मशास्त्र शिकला. तिथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे शिक्षक होते, पाली आणि बौद्ध धर्माचा अभ्यास होता. शिंद्यांनी ग्रंथालयात डोके घातले तसे लंडनच्या गरीब वस्त्यांतही पाय घातले. रविवारच्या उपासनेला जाणारा इंग्रज आपल्याच शहरातल्या उपाशी माणसाकडे कसा पाहतो, हे त्यांना बघायचे होते. सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदारमतवादी धर्मचिंतकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांसमोर शिंद्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला.

तिथून परतलेला दुसरा कोणी असता तर उरलेले आयुष्य व्याख्याने देण्यात आणि सत्कार घेण्यात घालवू शकला असता. शिंदे गावोगाव फिरले. अहमदनगरजवळच्या भिंगारला एका रात्री महार मंडळींची सभा होती आणि ती उशिरापर्यंत चालली. तिथे ऐकलेल्या हकिगतींनी त्यांचा निश्चय पक्का केला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली आणि 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'ची स्थापना झाली. ॲमस्टरडॅम आणि परळ यांच्यामध्ये अवघी तीन वर्षे आहेत. सर्व धर्मांचे सार एक आहे असे परिषदेत म्हणायचे आणि आपल्या गावच्या पाणवठ्यावर गप्प बसायचे, हे शिंद्यांना जमले नाही. त्यांच्याइतका सरळ माणूस आपल्या सुधारकांत दुर्मीळ. ती किंमतही त्यांनी मोजली: प्रार्थना समाजाशी मतभेद झाले आणि १९१० मध्ये ते त्याच्या प्रचारकपदातून बाहेर पडले.

पण शिंद्यांच्या कामाला एक मर्यादा होती, आणि ती तरुण आंबेडकरांनी ओळखली. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीसमोर दोघांचीही साक्ष झाली. अस्पृश्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हा तिथला खरा वाद होता. आंबेडकरांचे म्हणणे होते की ज्यांना सोसावे लागते त्यांनीच बोलायचे. संवादाच्या सगळ्या सिद्धांतांत हा मुद्दा हमखास सुटतो. धर्माधर्मांच्या चर्चेला महंत, बिशप, मौलवी, भिक्खू बोलावले जातात. त्या धर्मांनी ज्यांना बाहेर ठेवले त्यांची खुर्ची कुठे असते? शिंद्यांची कळकळ शंभर नंबरी होती, तरी ती खुर्ची त्यांना दुसऱ्यासाठी भरता येणार नव्हती.

या साऱ्यांमागे एक आश्रयदाता सतत दिसतो. बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ गाव दावडी, आपल्या खेड तालुक्यातले, चाकणच्या पलीकडचे. त्या घराण्यात दत्तक गेलेले महाराज सयाजीराव. आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती त्यांनी दिली. धर्मानंद कोसंबी या गोमंतकीय पाली पंडिताला त्यांनी दरमहा पन्नास रुपये दिले. अट दोनच गोष्टींची: महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक बडोद्याला द्यावे. बडोद्याच्या कॉलेजात तुलनात्मक धर्माचे अध्यापन त्यांनी सुरू करवले. आणि १९३३ मध्ये शिकागोत सर्वधर्मीयांची पुन्हा परिषद भरली, तिच्या उद्घाटनाला सयाजीराव होते. चाळीस वर्षांपूर्वी नगरकर जिथे बोलले त्याच शहरात दावडीच्या घराण्याचा राजा बोलला.

या परिषदांना मी कमी लेखत नाही. पण १९३३ च्या परिषदेनंतर दोन वर्षांनी येवल्यात जे घडले त्याने धर्मसंवादाचे स्वरूपच बदलले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. ताबडतोब सर्व दिशांनी निरोप आले: मुस्लिम पुढारी, ख्रिस्ती बिशप, शीख नेते, सारनाथची महाबोधी सोसायटी. जून १९३६ मध्ये लोकनाथ नावाचा इटालियन बौद्ध भिक्खू दादरला त्यांच्या घरी येऊन भेटला. जगातले धर्म एका माणसासमोर आपली बाजू मांडत होते आणि तो माणूस प्रत्येकाला विचारत होता की तुमच्याकडे समता किती आहे. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची बाजू लोकांपुढे सविस्तर मांडली. मग घाई केली नाही. जवळजवळ वीस वर्षे तो धांडोळा चालला.

त्या धांडोळ्याचे निकष त्यांनी १९५० मध्ये महाबोधी नियतकालिकातल्या लेखात लिहून ठेवले. समाज टिकायचा तर त्याला कायद्याचे किंवा नीतीचे बंधन हवे. कायद्याचा हात थोडक्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून बाकीच्यांना नीतीच सांभाळते. धर्म बुद्धीला पटला पाहिजे. त्याची नीती स्वातंत्र्य, समता, बंधुता मानणारी हवी. आणि त्याने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. या शेवटच्या निकषाकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. गरिबीचा गौरव करणे हे धर्मांचे जुने पाप आहे, आणि ते पाप पोटभर खाल्लेल्यांकडूनच होते.

म्हणून १९५४ च्या देहूरोडकडे मी पुन्हा येतो. त्याच वर्षी मार्चमध्ये शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने देशातले पेनिसिलिन इथे तयार होणार होते. पट्ट्यात उद्योग येत होता, गावांतून माणसे कामाला येत होती, आणि कामाच्या निमित्ताने जाती-धर्मांची जुनी अंतरे मोडतील अशी आशा होती. देहूरोडच्या डेपोत हातावर पोट असलेल्या माणसांनी बुद्धाला आपल्यात बसवले, तो या आशेच्या काळातला प्रसंग आहे. तारीखही पाहावी: २५ डिसेंबर, नाताळ. आणि १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली तो दिवसही तोच.

विठोबाविषयीच्या विधानाचे महत्त्व आता कळेल. वारकरी परंपरेत विठ्ठलाला बुद्धावतार म्हणण्याची रीत जुनी आहे. दशावतारांच्या चित्रांत, पंचांगांच्या मुखपृष्ठांवर नवव्या अवतारी विठ्ठल-रखुमाई उभे असतात. त्या रीतीत बुद्ध विष्णूत विरतो. बाबासाहेब त्याच्या अगदी उलट बोलत होते: विठोबा हा मुळात बुद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आपण मानणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. एकाच मूर्तीच्या दोन कथा समोरासमोर येतात. दोन्हींत गोडीगुलाबी नाही आणि तडजोडही नाही. तरीही दोघांना मूर्तीविषयी आस्था आहे, आणि प्रश्नाचा निकाल अभ्यासाने लागावा अशी तयारी किमान एका बाजूने जाहीरपणे दाखवली होती. समन्वय हा शब्द मराठी लोकांना फार प्रिय. पण समन्वयात बलिष्ठाचीच कथा उरते आणि दुर्बळाची मिसळून जाते, हे ज्याने भोगले त्याने आपली कथा वेगळी राखण्याचा हट्ट धरला, तर तो संवाद मोडत नाही, तो समपातळीवर आणतो.

तो प्रबंध लिहून झाला नाही. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' लिहिले, त्यात विठोबाच्या मुळाचा शोध धनगर-गवळ्यांच्या देवापर्यंत नेला आणि बौद्ध-जैन दाव्यांचाही विचार केला. तो थोर ग्रंथ आहे, पण तो देहूरोडच्या प्रश्नाचे उत्तर नाही. तिथला प्रश्न इतिहासाइतकाच हक्काचा होता.

बाबासाहेबांच्या ग्रंथाचे काम मात्र पुरे झाले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पूर्ण करून ते गेले. १९५७ मध्ये तो छापून आला. त्याआधी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचे, पण एकाचा मार्ग मन बदलण्याचा आणि दुसऱ्याचा जबरदस्तीचा, असा त्यांचा रोख होता. जागतिक व्यासपीठावरचे त्यांचे ते शेवटचे भाषण. ६ डिसेंबरला ते गेले.

धर्मानंद कोसंबींचाही एक अखेरचा ग्रंथ आहे, 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म'. तो १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह ही चार व्रते कोणत्याही एका पंथाची नाहीत, साऱ्या मानवजातीच्या कामी येण्याजोगी आहेत, असा त्यांचा विचार होता. सप्टेंबर १९९३ मध्ये शिकागोत, पहिल्या परिषदेच्या शताब्दीला, जर्मन धर्मचिंतक हान्स क्युंग यांनी मुख्यतः तयार केलेला जागतिक नीतीचा जाहीरनामा मांडला गेला आणि दलाई लामांसह अनेक धर्मांच्या प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या. त्याच्या मुळाशी एकच मागणी आहे: प्रत्येक माणसाशी माणसासारखे वागले पाहिजे. पुढे चार वचने: जीवनाचा आदर आणि अहिंसा, न्याय्य अर्थव्यवस्था, सत्य व सहिष्णुता, स्त्री-पुरुषांची समान भागीदारी. कोसंबींची चार व्रते आणि शिकागोची चार वचने शेजारी ठेवली तर तीन तंतोतंत जुळतात. स्त्री-पुरुष समतेचे वचन मात्र कोसंबींच्या यादीत वेगळे नाही, ही शिकागोची भर; आणि दारिद्र्याला पवित्र मानू नये असा स्पष्ट निर्बंध शिकागोत नाही, ती आंबेडकरांची भर आहे. तिघांचे मिळून जे बनते ते जगाला सांगण्यासारखे आहे, आणि त्याचे दोन-तृतीयांश मराठी माणसांनी लिहिले आहे.

हे सारे देहूरोडला माहीत आहे का? दर २५ डिसेंबरला तिथे माणसे जमतात, धम्मभूमीवर वंदना होते. ज्येष्ठात पालखी येते, अनगडशहा बाबांपाशी थांबते आणि डेपोच्या रस्त्याने पुढे जाते. चाकणच्या कंपन्यांत आता उत्तरेकडच्या, ईशान्येच्या, मराठवाड्याच्या मुलांचे हात गाड्यांचे भाग जोडतात; त्यांच्यापैकी कोण कुठल्या देवाचा हे मुकादमाला विचारावे लागत नाही, पण कंत्राटी की कायम हे विचारावे लागते. शिकागोतल्या दुसऱ्या वचनाची परीक्षा इथे रोज होते. पुण्याच्या इतिहासकारांनी बाबासाहेबांचा तो राहिलेला विषय स्वतःहून हाती घ्यावा, देहूरोडलाच सभा भरवावी आणि देहूच्या वारकऱ्यांना, विहारातल्या उपासकांना, दर्ग्याच्या मुजावरांना त्यात पहिल्या रांगेत बसवावे, अशी माझी मागणी आहे.